मागच्या सीटवरचा दिवा

विश्वास ठेवायचा की नाही, तुम्ही ठरवा. पण काका खोटं बोलणाऱ्यांतले नाहीत. आणि आत्या तर तेव्हा कुणाशी बोलतच नव्हती.

मागचा हिवाळा. दिवेलागणीची वेळ. आत्याच्या इमारतीखालचं पार्किंग.

त्याच्या काही दिवस आधीच आत्याची मुलगी, आमची चिमणी, तापाने गेली होती. दवाखाना गाठायच्या आधीच. गाडीच्या मागच्या सीटवर, आत्याच्या मांडीवर.

तेव्हापासून गाडीची बॅटरी रोज सकाळी उतरलेली असायची. नवी टाकली, तीही उतरली. एका मेकॅनिकने संशयावरून आतल्या दिव्याचा बल्बच काढून टाकला.

तरी तेच.

शेवटी आत्याचा मोठा भाऊ आला. म्हणजे आमचे काका. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांची हयात गेलेली.

"कुठेतरी करंट गळतोय," ते म्हणाले. "पकडतो आत्ता."

गाडी बंद. दारं बंद. बॅटरीची एक वायर सोडवून त्यांनी मध्ये मीटर जोडला आणि थांबले. बंद गाडीत आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा.

आला नाही.

मग बॉनेटखालच्या डबीतले फ्यूज एकेक करून काढायला घेतले. रेडिओचा... तसाच. हॉर्नचा... तसाच. आतल्या दिव्याचा काढला आणि...

आकडा धाडकन खाली.

काकांनी काचेतून पाहिलं. बल्बची जागा रिकामी. मग वीज खातंय कोण?

तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला...

बारीक मुसमुसल्याचा.

काका दोन पावलं मागे सरकले. जिन्यात उभी असलेली आत्या अनवाणी धावत आली.

"दादा, फ्यूज लाव!"

"अगं, पण आत कुणीतरी..."

"लाव म्हणते ना! अंधाराला घाबरते रे ती. त्या दिवशी वाटभर म्हणत होती, आई, दिवा घालवू नको..."

काकांनी फ्यूज बसवला. आकडा चढला.

मुसमुसणं थांबलं.

त्यानंतर काका रोज सकाळी चार्जर घेऊन यायचे. दोघं भावंडं बॅटरी भरायची.

आणि एका सकाळी आत्याचा फोन आला.

"दादा... गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली."

काकांनी येऊन मीटर लावला. फ्यूज जागच्या जागी होता. गळती मात्र नव्हती.

"कुठे गेली रे? एकटीच?" आत्याने विचारलं.

काकांनी मीटर काढला आणि बॅटरीची वायर पुन्हा जोडली.

आत्या रोज संध्याकाळी खाली येते. मागचं दार उघडून शेजारी उभी राहते.

तिला वर बोलवायचा धीर आमच्यापैकी कुणालाच होत नाही.