श्वासाच्या खुणा

फुकटचं नोटेशन शोधणाऱ्यांबद्दल मला कधी आदर वाटला नाही. शिकायला नको, रियाज नको. गाण्याचं नाव टाकायचं, पीडीएफ उतरवायची आणि संध्याकाळी ग्रुपवर बेसूर क्लिप टाकून शाबासकी गोळा करायची. शोधतो मीही फुकटचंच, पण तपासून घेतो. रत्नागिरीत सरकारी कचेरीत बावीस वर्षं मी नकला मूळ कागदाशी ताडून पाहतोय. बासरीही तशीच शिकलो, कागदावरून, एकट्याने. रोज काय वाजवलं याची वहीत नोंद असते, म्हणून पुढचं सगळं तारीखवार सांगू शकतो.

अकरा जानेवारी, रविवार. आमच्या बासरीच्या ग्रुपचा म्होरक्या, देवरूखचा काशीराम, याने एक लिंक पाठवली. ‘सर, नाटे गावच्या कोणा महिपत मास्तरांची वही. एकदम फुकट!’ खाली नेहमीप्रमाणे सोळा जणांचे हात जोडलेले. वही उघडून पाहण्याचे कष्ट एकानेही घेतले नव्हते.

चार पानं, हाताने लिहिलेली. एकच धून. बासरीच्या नोटेशनमध्ये श्वास घ्यायच्या जागी स्वरावर बारीक तिरकी रेघ देतात. मास्तरांनी या रेघांची नुसती पेरणी केली होती, स्वराच्या पोटातसुद्धा. वर लिहिलं होतं, ‘खुणेपाशी थांबावे. खुणा वाजवणाऱ्यासाठी नाहीत.’

मला हसू आलं. मग काय बासरीसाठी?

दुपारी मी धून जशीच्या तशी वाजवून पाहिली. आतल्या खोलीत दमयंती, माझी बायको, पडली होती. तिला जुना दमा. थंडीत तिच्या छातीची शिट्टी दारापर्यंत ऐकू येते. त्या दिवशी शिट्टी हळूहळू विरत गेली. चहाच्या वेळी ती उठून आली.

“आज छाती मोकळी वाटत्ये हो. कसलं ते वाजवत होतात?”

“कुणा अडाण्याने लिहिलंय. दर चार स्वरांना धाप लागते त्याला.”

“लागू दे की. मला झोप लागली.”

श्रेय मी नव्या औषधाला दिलं.

आठवडाभर रोज वाजवलं, आठवडाभर ती बरी होती. पण चुकीची नक्कल समोर असली की मला चैन पडत नाही. अठरा तारखेला, रविवारी, मी धून स्वच्छ अक्षरात उतरवली आणि निम्म्या खुणा गाळल्या. शेवटची ओळ बत्तीस मात्रांची. तिच्यातल्या सातही खुणा काढल्या, कारण ती मी एका दमात वाजवतो. फोटो काढून ग्रुपवर टाकला. ‘चुका दुरुस्त केल्या आहेत. फुकट मिळालंय, तर निदान शुद्ध वाजवा.’

मग तो कागद समोर ठेवून वाजवायला बसलो. वारा पडलेला होता. मागच्या अंगणात वाळत घातलेल्या सुक्या बांगड्यांचा वास खोलीत भरला होता. शेवटची ओळ अशी साधली की मी ती पुन्हा वाजवली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की आतून शिट्टीचा आवाज येत नाहीये... कसलाच आवाज येत नाहीये.

बासरी तोंडाला तशीच ठेवून मी दारात गेलो. दमयंती पलंगावर ताठ बसली होती. पंप मुठीत होता. ओठ जांभळे, डोळे माझ्यावर रोखलेले. छाती हलत नव्हती.

माझ्या हातून बासरी पडली. त्याच क्षणी तिने श्वास ओढला, विहिरीतून वर आल्यासारखा.

धाप ओसरल्यावर ती आडवी झाली आणि बोलली. “तुम्ही... जागाच ठेवली नाहीत.”

“कसली जागा?”

“श्वासाला.” आणि तिने कूस बदलली.

मी कागद चुलीत घातला. ग्रुपवरचा फोटो पुसला आणि काशीरामला फोन लावला.

“अहो सर, पुसलात कशाला? झकास काम केलंत! मी तर देवरूख, संगमेश्वर, मुंबईच्या मंडळींना, सगळीकडे पाठवला. आपल्या सरांनी शुद्ध केलेला, म्हटलं. फुकट!”

“परत मागव.”

“काय सर, चेष्टा करताय? आता कुठकुठून परत मागवू?”

मी फोन ठेवला.

मास्तरांची मूळ धून मी आता रोज दोन वेळा वाजवतो, प्रत्येक खुणेपाशी थांबून. तिला बरं वाटतं. पण अधूनमधून भाजी चिरताना विळीचा आवाज थांबतो. हात तसाच, तोंड अर्धवट उघडं, नजर खिडकीकडे. मी मात्रा मोजतो. पाच. सात. मग विळी पुन्हा सुरू होते. कुठेतरी, माझा कागद वाजवणाऱ्या कुणाचातरी दम त्या ओळीत तुटलेला असतो. ज्यांच्या बेसूर क्लिपा ऐकून मी हसत असे, त्यांनी असंच वाजवत राहावं, एवढंच आता मागतो.

पण त्यांच्यातला कोणी एक रियाज करतोय. रोज संध्याकाळी, सहाच्या सुमारास. वहीत नोंद आहे: सोमवारी बारा मात्रा, गुरुवारी एकोणीस, काल सत्तावीस.

ओळ बत्तीसची आहे. आणि ओळ साधली की माणूस ती पुन्हा वाजवतो. मीही वाजवली होती.