चाकाला लावलेला दगड

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण हे घडलंय. गेल्या नोव्हेंबरात, जांबोटीच्या उतारावर... तेही भर दुपारी.

परशरामअण्णा बेळगावात मास्तर. गाडी वीस वर्षांची, पांढरी. पण डिकीत जॅक, पाने, ब्रेक ऑइल, चाकाला लावायचा लाकडी ठोकळा, सगळं तयार. याचा त्यांना लई अभिमान.

आदल्या रविवारी त्याच उतारावर एक जुनी गाडी अडली होती. एक बाई हात करत होती.

"अण्णा, जरा थांबा! ब्रेक लागंना झालाय!"

अण्णांच्या अंगात इस्त्रीचे कपडे. साखरपुड्याला उशीर झालेला.

अण्णांनी काच वर केली.

आठ दिवसांनी ते पुन्हा त्या उताराला लागले. ब्रेकवर पाय ठेवला...

पाय थेट तळाला गेला.

पुन्हा दाबला. काहीच नाही. गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला. गाडी मंदावली, पण थांबेना. पुढं वळण. वळणाखाली दरी.

पाखरांचा आवाज बंद झाला. इंजिनाचाही ऐकू येईना...

आणि काचेला लागून बाईचा आवाज आला.

"भिऊ नका अण्णा... दगड लावते मी."

धक्का बसला. गाडी थांबली.

अण्णा उतरले. पुढच्या चाकाखाली मोठा दगड. ओलाचिंब. पाऊस जाऊन तर महिना झालेला.

रस्त्यावर कुणीच नव्हतं.

थोड्या वेळानं रवळू नावाचा शेतकरी बैलं घेऊन आला.

"इथं कोण बाई होती का हो?"

रवळू थबकला. "गेल्या ऐतवारी हुती. अंबुबाई. गाडी घरंगळाय लागली, नवरा आत. भिजत वढ्यातनं काढलेला दगड लावाय गेली आन् चाकाखाली सापडली."

"कोण थांबलं न्हाय?"

"एक पांढरी गाडी गेली म्हणं. नवरा म्हणतोय, घाईत असतील बिचारे."

रवळूनं अण्णांच्या गाडीकडं बघितलं. मग बैलं हाकली.

बेळगावात मेकॅनिकनं ब्रेक तपासला.

"काय बी झालेलं न्हाय, अण्णा."

चार दिवसांनी अण्णा पत्ता काढून अंबुबाईच्या घरी गेले. सगळं कबूल करायचं ठरवून. दारात तिचा नवरा, मष्णू, उभा होता.

"गाडी तापली व्हय अण्णा? पाणी देऊ?"

"व्हय," अण्णा म्हणाले.

गाडी तापलीच नव्हती. तरी बॉनेट उघडून ते तोंड आत घालून उभे राहिले. मष्णूनं कळशी आणून दिली. अण्णांनी पाणी ओतलं, कळशी परत दिली आणि गाडीत बसले.

परतताना मागच्या सीटवर ओल्या लुगड्याचा वास येत होता...

त्यांनी आरसा छताकडं फिरवला.

अजून तो तसाच आहे.