हे पान होऊ दे

हे लिहावं की नाही, यात माझी सकाळ गेली.

मी लेखक नाही. एका ग्रंथालयात अडतीस वर्षं पुस्तकांवर क्रमांक टाकले, एवढंच. भुताखेतांच्या गोष्टी सांगणारे लोक कसे रंगवून सांगतात, तसं मला जमणार नाही. वाचून कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. म्हणू द्या. अधूनमधून मलाही तेच वाटतं.

पण घडलं ते असंच घडलं. मी पदरचं काही घातलेलं नाही.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. भर दुपार होती, दोनचा सुमार.

जागा आमच्या घराची मागची खोली. जिथे ही शिवणकाम करायची.

ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

तिला व्हिडिओ गेमचं वेड होतं. हसू नका, खरंच होतं. यंत्र आणलं मुलीसाठी, मुलीने महिन्याभरात टाकलं आणि हिने उचललं. दुपारी दोन वाजले की शिलाई मशीन बंद, रिमोट हातात. चार वाजेपर्यंत. माझं ग्रंथालय सकाळ-संध्याकाळ असायचं, त्यामुळे दुपारी मीही त्याच खोलीत. खुर्चीत, पुस्तक घेऊन.

गेममध्ये दोन माणसं होती. एकाच्या हातात कंदील, दुसऱ्याच्या हातात काठी. दोघांकडे एकेक घंटा. बटण दाबलं की वाजायची, जोडीदाराला हाक मारायला. कंदीलवाल्याला तिने नाव दिलं होतं MI. म्हणजे 'मी'.

काठीवाल्याचं नाव, AHO.

'अहो'.

तो मी. पण मी कधी खेळलोच नाही. ती एकटीच जंगलं, गुहा, डोंगर पालथे घालत एका दगडी दारापर्यंत पोचली. त्या दाराला दोन बाजूंना दोन कड्या. दोघांनी एकाच क्षणी ओढायच्या, तरच उघडणार.

"अहो, घ्या ना दुसरा रिमोट. पाच मिनिटं."

"हे पान होऊ दे."

"तुमचं पान संपतं कधी? पुस्तकाला तळ नाही का?"

मग ती घंटा वाजवायची. टिण... टिण... टिण. तीनदा. मी पान उलटायचो.

असं कित्येक महिने चाललं. मग ती आजारी पडली. मग गेली.

माझ्या रिमोटची बटणं अजून नव्यासारखी कडक आहेत.

गेल्या महिन्यात खोली आवरताना तिची गेमची कॅसेट सापडली. जुनं यंत्र केव्हाच मेलं होतं. कॅसेट घेऊन मी आमच्या रेडिओवाल्याकडे गेलो. माझ्याच वयाचा आहे, डोळ्याला भिंग लावून बसतो.

"काय पुस्तकवाले, या वयात गेम?"

"तिचा आहे."

त्याने कॅसेट उघडली. आत बटणाएवढा एक सेल होता. "ह्या सेलवर तिची नोंद टिकून आहे. धुगधुगी आहे नुसती. आजच काढून घ्या."

त्यानेच सगळं समजावलं. हाताच्या पंज्यात मावेल एवढा छोटा संगणक घ्यायचा. त्यात इम्युलेटर टाकायचा, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम. कॅसेटमधलं सगळं त्यात उतरवायचं. जुने रिमोटसुद्धा त्याने जोडून दिले, नव्या वायरी डकवून.

"काही बदल करण्याआधी गेम आहे तसा साठवून ठेवत जा. त्याला सेव्ह स्टेट म्हणतात. बिघडलं तर तिथे परत जाता येतं. पण जपून. जुन्या दिवसावर परत गेलात, तर मधलं सगळं पुसलं जातं. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

हे काम मला मानवलं. मी वही केली. रोज एक बदल. आधी साठवायचं, वहीत क्रमांक टाकायचा, मग हात लावायचा. कधी रंग, कधी आवाज, कधी चित्राची रुंदी. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही गेम खेळताय की गेमची यादी करताय?"

पहिल्या दिवशी गेम सुरू झाला तेव्हा पडद्यावर दोन ओळी आल्या. कोण किती तास खेळलं, त्याची नोंद.

MI 214:36

AHO 00:00

कंदीलवाला त्या दारापाशी उभा होता. काठीवाला अजून सुरुवातीच्या गावातच.

मी सगळं बंद करून भिंतीतली पिनही काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं...

MI 216:36

वाटलं, मीच काहीतरी चुकून दाबलं असेल. माझ्या हातून काय होईल याचा मला भरवसा नाही. तिसऱ्या दिवशी 218:36. आदल्या दुपारी मी पुढच्या खोलीत वाचत होतो. मागून बारीक टकटक ऐकू येत होती. खिडकीची कडी असेल म्हणून मी उठलो नाही.

चौथ्या दिवशी 220:36.

आणि कंदीलवाला दारापाशी नव्हता.

मी शोधत गेलो. डोंगरावर नाही. गुहेत नाही. जंगलात नाही.

तो गावात होता. काठीवाल्याच्या शेजारी.

एवढी सगळी वाट उतरून खाली आला होता. कुणाला तरी न्यायला.

त्या दिवशी शनिवार होता. दुपारचे दोन वाजत आले होते. घरात इतकी शांतता की फ्रिजचा आवाजही थांबलेला. तिचा रिमोट शिवणाच्या स्टुलावर ठेवलेला होता. मी त्याला हात लावला नव्हता. शपथेवर सांगतो.

टिण...

टिण...

टिण.

मी स्टुलाकडे पाहिलं. रिमोटचं बटण खाली गेलं होतं.

मग वर आलं.

मी पळालो नाही. का नाही, ते अजून कळलेलं नाही. मी दुसरा रिमोट उचलला.

कंदील पुढे निघाला. काठी त्याच्या मागून.

सहा दिवस आम्ही चाललो. रोज दोन ते चार. मी धडपडायचो, खड्ड्यात पडायचो. कंदील थांबायचा, मागे यायचा. एकदा मी एकाच दगडाला सातव्यांदा अडखळलो, तेव्हा घंटा भरभर वाजली. टिणटिणटिणटिण. ती हसायची ना, अगदी तशी. चार वाजले की स्टुलावरचा रिमोट गप्प. माझ्या नावापुढे बारा तास लागले. मी कुणालाच काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

दहाव्या दिवशी आम्ही दारापाशी उभे होतो.

तिने डावी कडी धरली. मी उजवी.

टिण, टिण, टिण... आणि ओढ.

दार हललं नाही. मला उशीर झाला होता.

पुन्हा. पुन्हा उशीर. बटण वेळेवर दाबलं तरी पडद्यावरचा माझा हात अंमळ मागाहून हलत होता. इम्युलेटरचा हा दोष असतो, वाचलं होतं मी. सेटिंगमध्ये त्यावर उपाय आहे, तेही वाचलं होतं.

चौथ्यांदा चुकल्यावर मी म्हणालो, "थांब. एवढं नीट करून घेतो."

आणि वही उघडली.

नियमाप्रमाणे साठवलं. वहीत दहावा क्रमांक टाकला. बदल केला. चित्र फाटलं, आवाज अडकू लागला. घंटा वाजत होती, पण तुटक तुटक... पाण्याखालून यावी तशी. मी घाबरलो. आताच्या जागेवर परत जायचं होतं. वहीत दहावा क्रमांक, म्हणून मोजून दहा वेळा पुढे गेलो आणि 'उघड' म्हटलं.

माझी नोंदवही एकपासून सुरू होते. ते यंत्र शून्यापासून मोजतं. साठवणीची दहाच घरं होती त्याला, शून्य ते नऊ. मी नऊ वेळा पुढे जायला हवं होतं. दहाव्यांदा ते गोल फिरून पहिल्या घरावर आलं.

पहिल्या दिवसावर.

MI 214:36

AHO 00:00

अडतीस वर्षं क्रमांक टाकणाऱ्या माणसाची ही चूक.

कंदील दारापाशी एकटा होता. काठी गावात.

स्टुलावर रिमोट नुसता पडलेला. मी हाक मारली. तिच्या नावाने मारली, तशी मी कधी मारत नसे. काही नाही.

धावत रेडिओवाल्याकडे गेलो. त्याने कॅसेट तपासली. "सेल गेलाय हो. यातही काही उरलेलं नाही." भिंग काढून त्याने खुर्ची पुढे ओढली. "पुस्तकवाले, बसा जरा. पाणी घ्या."

दोन दिवस खोलीत काहीच झालं नाही. टकटक नाही. घंटा नाही. त्या शांततेचीच मला जास्त भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, गेमला हात लावायचा नाही. पिन काढली, दार लोटलं, पुढच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलो. दोनला बसलो, चारला उठलो. चहा केला. सहज जाऊन पाहिलं.

MI 214:36. तेवढेच.

AHO 02:00.

माझा रिमोट टेबलावर होता. उचलला... गरम होता. कुणीतरी आत्ताच खाली ठेवावा तसा.

दुसऱ्या दिवशी 04:00. मग 06:00. कंदील जागचा हलत नव्हता. काठी मात्र गाव सोडून जंगलात शिरली होती. वाट तीच, आम्ही दोघांनी धरलेली.

मी खेळत नव्हतो. दुपारभर मी वाचत होतो.

काल माझी मुलगी आली. चेहरा पांढराफटक.

"बाबा, रोज दुपारी फोन का उचलत नाही?"

"वाजला नाही."

"वीस वेळा केला. परवा मी स्वतः आले होते. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. तीन वाजले होते." ती खुर्चीच्या कडेवर बसली. "तुम्ही घरात नव्हता."

"मी इथेच होतो. या खुर्चीत."

"चपला दारात होत्या. चष्मा पुस्तकावर होता. चष्म्याशिवाय तुम्ही गेटपर्यंत तरी जाता का? मी सगळ्या खोल्या बघितल्या. गच्चीसुद्धा. मागच्या खोलीत टीव्ही चालू होता. त्याच्यावर एक काठीवाला माणूस डोंगर चढत होता. मधेच थांबायचा आणि..." तिने मागच्या खोलीकडे पाहिलं.

"आणि काय?"

"धाप टाकायचा. गेममधली माणसं धापा टाकतात का, बाबा?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"मी घाबरून तुम्हाला शोधायला बाहेर पळाले. परत आले तर चार वाजून गेलेले. तुम्ही ओट्यापाशी चहा गाळत होता. मला म्हणालात, कधी आलीस?"

ते मला आठवतं. चहा आठवतो. त्याआधीचं... नाही.

तिने टेबलावरचं पुस्तक माझ्यापुढे धरलं. "मागच्या रविवारी मी आले तेव्हा ही खूण एकशे बाराव्या पानावर होती. आजही तिथेच आहे. काय वाचताय तुम्ही रोज दोन तास?"

मी पान पाहिलं. एकशे बारा. ओळखीची एक ओळ नाही.

ती उद्या सकाळी गाडी घेऊन येणार आहे. मी तिच्याकडे राहायचं, डॉक्टरांना दाखवायचं, आणि ते यंत्र इथेच राहील. "आजच चला," म्हणत होती. मी म्हणालो, "सामान आवरायला एक दिवस दे." तिचं बरोबर आहे. डोक्यात बिघाड झाला असेल, तर तो कळायला हवा. तिला आता माझ्याशिवाय कुणी नाही. मला जायचंय तिच्याकडे. हेही खरं आहे.

पण काल संध्याकाळी ती गेल्यावर मी पाहिलं.

AHO 10:00.

दारापर्यंत बारा तास लागतात. मी एकदा चाललोय ती वाट.

म्हणजे आज.

आज मी पुढच्या खोलीत बसलो नाही. पुस्तकही घेतलं नाही. मागच्या खोलीत टेबलाशी बसून हे लिहितोय. लिहिता हात गुंतलेला असला, तर जाणार कुठे? असा माझा हिशोब. टीव्हीची पिन काढून खिशात ठेवलीय. खिसा दोनदा चाचपला, आहे.

बाळ, ही वही तुला टेबलावर सापडेल. तू ती इंटरनेटवरची भुताटकीची पानं वाचतेस, मला ठाऊक आहे. हेही टाक तिथे. कुणाला असा अनुभव आला असेल तर विचार. चष्मा घालून लिहितोय, हेही सांग.

खिशात पिन असूनही टीव्हीत उजेड आलाय.

बारीक, पिवळा. कंदिलासारखा.

टिण...

टिण...

टिण.

ती अजून रागावलेली नाही. मला कळतं ते. ती फक्त थांबलीय, नेहमीसारखी.

घड्याळात दोनला एक मिनिट कमी आहे. "हे पान होऊ दे" असं तोंडावर आलं होतं. पण म्हणालो नाही.

तसंही, पान संपत आलंय.