हळद्याच्या आतला साका

पिवळ्या आई-बापाला पांढरी पोरं झाली. चाळीसातली अकरा. उरलेली एकोणतीस रीतसर पिवळी होती.

ही पोरं हळद्या नावाच्या पतंगाची. पतंग म्हणजे फुलपाखराचा चुलतभाऊ. साल २०६३. कोकणातल्या वेळशी गावच्या पतंगघरात तिघं बुचकळ्यात पडले होते: दहा वर्षांची मिथिला, तिचे कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणारे) आबा, आणि पेटीमास्तर नावाचा यंत्रमानव. पेटीमास्तराने याआधी वीस वर्षं हापूस आंबे निवडले होते. त्याच सवयीने त्याने अकरा पांढरे पतंग 'बाद' डब्यात घातले. बारा वाजता डबा शीतपेटीत जायचा, म्हणजे आतले पतंग गारठून मरायचे. मिथिलाने हे पतंग अळी असल्यापासून पाला घालून वाढवले होते.

पावणेबारा झाले होते.

"काढ ते बाहेर!"

"माल एकरंगी नाही, बाईसाहेब."

"आबा, सांगा ना त्याला!"

"काय सांगू? मुद्दा बिनतोड आहे त्याचा." आबांनी डोकं खाजवलं. "हळद्या कडूजहर. पक्षी एकदा पिवळा चाखतो, थुंकतो, पुन्हा पिवळ्याच्या वाटेला जात नाही. हा इशारा-रंग ('मला खाऊ नका' सांगणारा रंग). इथे पांढरे थोडे. पक्ष्यांना त्यांची चव ठाऊकच नाही, म्हणून तेच जास्त मरतात."

"तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

"तेच बघतोय."

"मरतात, तर संपत का नाहीत?"

"रंगाचे जनुक (आई-बापाकडून आलेल्या सूचना) जोडीने येतात. एक आईचा, एक बापाचा. पिवळ्यासोबत पांढरा आला, तर पतंग पिवळाच दिसतो; पांढरा आत गप्प बसतो. दोन्ही पांढरे आले तरच पोर पांढरं."

पेटीमास्तराचा दिवा लुकलुकला. "बाहेरून पिवळा, आत पांढरा. म्हणजे साका!"

साका म्हणजे हापूसच्या आत लपलेला पांढरट, खराब गर.

"शाब्बास! कळलं याला," आबा खूश झाले.

"या पिवळ्यांतल्या कुणाकुणात साका आहे?" पेटीमास्तराने विचारलं.

"बाहेरून कसं सांगणार?"

पेटीमास्तराने एकोणतीस पिवळेही शांतपणे 'बाद' डब्यात घातले.

बाराला पाच कमी. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मिथिला रडकुंडीला आली आणि कुठे कुठल्या रंगाचे हळद्या आहेत ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिली.

"आबा, घाटमाथ्यावर पांढरेच जास्त ना? मग तिथे कोण मरतं?"

"पिवळे. तिथल्या पक्ष्यांनी पांढरे चाखलेत."

मिथिला गर्रकन वळली. "पेटीमास्तर, एका बाजारातून परत आलेली पेटी दुसरीकडे खपायची का रे?"

"दरवर्षी. कुठे मोठं फळ चालतं, कुठे लहान."

"मग माल बाद होता, की बाजार वेगळा?"

पेटीमास्तराचा दिवा इतका वेळ लुकलुकत राहिला, की आबांनी त्याची वायर तपासली.

"इथे गिऱ्हाईक म्हणजे पक्षी," तो शेवटी म्हणाला.

"आणि ते बदलतात," आबा म्हणाले. "उद्या इथे घाटमाथ्याचे पक्षी उतरले, तर हा लपलेला पांढराच वंश तारेल."

बाराला एक मिनिट कमी असताना पेटीमास्तराने डब्याचं झाकण उघडलं. चाळीसही पतंग जाळीत फडफडले. त्याने जाळीवर चिठ्ठी लावली: 'प्रत एक. रंग दोन.'

"आता मी निवडू तरी काय?" त्याने विचारलं.

"निवडू नकोस, मोज. पुढच्या पिढीत पांढरे किती, ते. मग घाटमाथ्यावर जाऊन तिथलेही मोजू," आबा म्हणाले.

पेटीमास्तराने एका मोठ्या रिकाम्या खोक्यात, आंब्यांखाली घालतात तसं, गवत पसरायला घेतलं.

"पतंगांना कशाला गवत?" मिथिलाने विचारलं.

"माझ्यासाठी आहे," पेटीमास्तर म्हणाला. "घाटात धक्के बसतात."