ओवीखालची मायनर कॉर्ड

"पोरगं जित्तं हाय. फकस्त कुठं हाय तेवढं सांगा," साखरबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन पुढे केला.

खासगी तपास करणाऱ्या धनश्री शितोळेंची शिरूरची खोली तशी लहानच. त्यात मदतीला सर्जेराव, निवृत्त हवालदार. त्यांचा चहा आधी संपायचा आणि प्रश्न त्यांना नंतर कळायचा.

साखरबाईंचा विक्रम बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. आठ महिन्यांपूर्वी दौंडला गणपतीचा कार्यक्रम करून तो परतलाच नाही. पंधरा दिवसांनी साखरबाईंच्या फोनवर अनोळखी नंबरवरून कीबोर्डचं रेकॉर्डिंग आलं. आईच्या ओवीला त्यानेच बांधलेली चाल होती. मग दर महिन्याला एक यायचं. पोरगा आपखुशीने गेलाय, असं म्हणत पोलिसांनी शोध थांबवला.

"ही चाल कोणाकोणाला वाजवता येते?" धनश्रीने विचारलं.

"इक्रमला, सूनबाईला आन् त्याच्या पार्टीतल्या दोस्ताला, भारतला."

धनश्रीने तीनदा ऐकलं. "चालीत 'ध' लागतो, तिथं डाव्या हाताची कॉर्ड भांडतेय."

"फोन स्वस्तातला असंल," सर्जेराव म्हणाले.

सून अनितानं चाल वाजवून दाखवली. त्या जागी काहीच खटकलं नाही. "ह्यांनी शिकवलंय. आधी चालीचे सूर बघायचे, मग त्यातूनच कॉर्ड उचलायची."

"विक्रम कुठे आहे, माहीत आहे?"

"म्हाईत असतं तर इथं बसले असते व्हय?"

भारत म्हणाला, "मी त्याला दौंड स्टेशनावर सोडला, मॅडम. पुढचं ठाव न्हाई."

"एखादं रडकं गाणं वाजवा."

त्यानं वाजवलं. "दुःखाचं गाणं असलं की मी सगळ्या मायनर कॉर्ड दाबतो, उदास वाटणाऱ्या. इक्रम लय हसायचा."

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याला साखरबाईंच्या घरी सगळे बसले. धनश्रीचा चेहरा पडलेला होता. असलं काम तिला मनापासून नको होतं.

"ओवीची चाल काफी रागाच्या सुरांत आहे," ती म्हणाली. "ग आणि नी कोमल, पण ध शुद्ध. कॉर्ड म्हणजे त्याच सुरांतले एक सोडून एक तीन सूर. म धरा, प सोडा, ध धरा, नी सोडा, सा धरा. ध शुद्ध, म्हणून ही कॉर्ड मेजर, म्हणजे उजळ येते. चाल कितीही उदास असो."

"आन् रेकॉर्डिंगमधी?" सर्जेरावांनी विचारलं.

"मायनर. तिच्यात कोमल ध. उजवा हात चालीत शुद्ध वाजवतोय, डावा कॉर्डमध्ये कोमल. स्वतःच्या चालीत विक्रम हे कधीच करणार नाही. अनिताही नाही. चाल कानाने पाठ, पण दुःख म्हणजे मायनर असं मानणारा एकच माणूस उरतो."

धनश्रीने भारतकडे पाहिलं.

"पारगावच्या पुलाखाली इक्रम नदीत पाय धुवायला उतरला," भारत म्हणाला. "धरणातनं पानी सोडलेलं. पाय घसरला आन् व्हावून गेला. मी लय घाबरलो. मावशीनं जेवन सोडलं तवा वाटलं, निदान गाणं तरी…"

"त्या गाण्यामुळेच शोध थांबला," धनश्री म्हणाली. "आता सापडायलाही काही उरलं नाही."

अनिता भिंतीला टेकून रडू लागली. साखरबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. त्या भारतकडे वळल्या.

"भारत, तुला पवता येतं ना रं?"

"व्हय, मावशी," भारत म्हणाला.