उस्योन आणि उसोन

ही गोष्ट खरी आहे. मी त्या खोलीत होते.

किरगिझस्तानातलं नारीन, हवामान कार्यालय. फेब्रुवारीतला गुरुवार, दुपारचे तीन. तक्त्यात एकशे अठरा ओळी, निरीक्षक तीन. खोलीत माणसं दोन. मी आणि सायकाल, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, म्हणून एजे, म्हणजे ताई.

कोणाच्या चौकीवर किती ताजा बर्फ पडला, याची नावानुसार बेरीज करून आलेख काढायचा होता.

घाटातल्या चौकीवर माझा दादा होता. उस्योन. सोमवारपासून तो फोन उचलत नव्हता.

पण नोंदी येत होत्या. म्हणून साहेबांनी शोधपथक थांबवलं होतं. "बर्फ मोजतोय ना? मग धडधाकट आहे."

मी आलेख उघडला.

खांब... चार.

चौथ्याखाली नाव होतं, उसोन. तीन ओळी. सोमवार, मंगळवार, बुधवार. बेरीज एकशे सहासष्ट.

एजे हसली. "अगं बुरुल, रशियन कीबोर्ड. उस्योनमधली आपली दोन किरगीझ अक्षरं त्यावर नसतात. माणूस एक, खांब दोन. जोडून टाक."

"दादा असं लिहीत नाही. आपलं अक्षर सापडेपर्यंत तो नोंद पाठवत नाही."

"गारठली असतील बोटं."

"त्याला उसोन कोण लिहायचं, एजे?"

तिने चहाचा वाडगा खाली ठेवला.

ताश्तान काका. दादाच्या आधी त्याच चौकीवर होते. "अक्षरं काय जपतोस, बोटं जप," म्हणून त्याला चिडवायचे. दोन हिवाळ्यांपूर्वी तिथेच हिमकड्याखाली गेले.

मी फोन लावला. घंटा वाजत राहिली...

कोणीच नाही.

मग संगणकावर... टिक.

नवी ओळ. उसोन. सेहेचाळीस सेंटिमीटर.

चौथा खांब माझ्या डोळ्यांदेखत वाढला. दोनशे बारा.

"साहेबांना बोलव," एजे म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "पथक आत्ता निघू दे."

त्यानंतर एकही नोंद आली नाही.

शुक्रवारी सकाळी पथकाचा निरोप आला. कडा सोमवारी पहाटेच कोसळला होता. नोंदी पाठवायचं यंत्र दादाच्या छातीशी होतं. वायर तुटलेली.

नोंदी कोणी पाठवल्या, मला माहीत नाही. ते दोन खांब मी अजून जोडलेले नाहीत.

दादा सापडला तिथे पथकाने सळई घालून बर्फाची खोली मोजली होती.

दोनशे बारा सेंटिमीटर.