कडीपर्यंतची उंची

डॉक्टरने भिंग खाली ठेवलं.

टेबलावर सात पानं मांडलेली. अलीकडे झाडांची डॉक्टर, पलीकडे नवरा-बायको. आणि मध्ये ती शांतता... कुणीतरी आपलं बोलणं चोरून ऐकतंय, असं वाटायला लावणारी.

ही घटना खरी आहे. जिच्यासमोर ती घडली, ती बाई बावीस वर्षं पिकांचे रोग ओळखते आहे. भिंगाखाली जे दिसत नाही ते ती कागदावर लिहीत नाही. मंगळवार होता. दुपारचे तीन वाजले होते.

पण ज्या खोलीत ते घडलं, तिथे तेव्हा रात्र होती.

घराच्या मागच्या अंगाला ती बंदिस्त खोली होती. खिडकी नाही. दाराला चहूबाजूंनी रबराची पट्टी. आत सुतळीवर चढवलेल्या टोमॅटोच्या वेली, अठ्ठेचाळीस. तिथला सूर्य घड्याळाच्या हुकमाने उगवायचा आणि रोज दुपारी दोनला मावळायचा.

"बोला ना डॉक्टर," नवरा म्हणाला. "माणसांच्या डॉक्टरला निदान पेशंट सांगतो तरी कुठे दुखतंय ते."

"माझे पेशंट खोटं बोलत नाहीत, तेवढंच माझं नशीब."

तो हसला. बायको हसली नाही.

प्रत्येक पानाच्या कडेला एक घाव होता. चंद्रकोरीसारखा. अळीने कुरतडलं तर कड दातेरी होते. ही कड साफ कापल्यासारखी होती. बुरशी घावाभोवती पिवळं वलय सोडते, वलय नव्हतं. चिकट सापळे कोरे होते. डॉक्टरने जमिनीवर चाळलेल्या पिठात उंदराचं एक पाऊल उमटलं नव्हतं.

एक चूक मात्र तिच्याकडून झाली होती. दोन दिवस ती शेंड्यापासून पानं मोजत राहिली. रोग पानाचं वय पाहून धरतो, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. त्यात काहीच सूत्र सापडेना.

आज सकाळी तिने मोजपट्टी जमिनीला टेकवली.

सगळे ताजे घाव एकाच उंचीवर होते.

वेली वाढल्या की दर आठवड्याला सुतळी सैल करून त्या खाली घेतल्या जात. वेल खाली सरकत होती. नवा घाव सरकत नव्हता.

"ही कीड नाही," ती शेवटी म्हणाली. "हे नख आहे. चिमटीत धरून खुडलंय."

"नख? आत मी जातो नाहीतर ही. बाकी चिटपाखरू नाही." त्याचा आवाज चढला. "चार वर्षं झाली. बी बदललं, माती फेकली, पाणी तपासलं. आता पुरे. उद्या माणसं बोलावलीत. सगळं उपटायचं, खोली धुवायची आणि कुलूप ठोकायचं."

बायकोने हातातली कपबशी खाली ठेवली.

"अहो, नका ना," एवढंच ती म्हणाली. "ताई, तुम्ही सांगा ह्यांना."

काय सांगायचं, ते तिने सांगितलं नाही.

डॉक्टरने खोलीतल्या रात्री आत बसायचं ठरवलं. झाडांची झोप मोडू नये म्हणून तिच्याकडे हिरवा दिवा असे.

"पंखे बंद ठेवा," ती म्हणाली. "त्यांच्या घरघरीत काही ऐकू येणार नाही."

नवऱ्याचा चेहरा उतरला. त्याने बटण दाबलं.

"दार आतूनही उघडतं," तो हलकेच म्हणाला. "कडी वर आहे."

कडी डॉक्टरच्या कपाळाच्या उंचीवर होती.

दार मिटलं. रबराने एक लांब श्वास घेतल्यासारखा आवाज केला.

मग काहीच नाही.

हिरव्या उजेडात वेली पाण्याखाली उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. कोपऱ्यात फरशीवर गंजाचं एक वर्तुळ होतं. तिथे कधीकाळी वायूची टाकी असणार. बंद खोलीत झाडं जोमाने वाढावीत म्हणून कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याची. टाकी आता नव्हती.

दहा मिनिटं गेली. वीस.

आणि मग... टिच्.

अगदी बारीक. नखाने देठ तुटावा तसा.

ती हलली नाही.

टिच्.

आवाज दुसऱ्या रांगेत आला होता. पान एकही हललं नाही. फक्त चुरगळलेल्या टोमॅटोच्या पानाचा तो उग्र, हिरवा वास दाटून आला.

टिच्... टिच्... आवाज तिच्या बाजूच्या लोखंडी खांबापाशी येऊन थांबला.

तिने दिवा तिकडे वळवला. कुणी नव्हतं.

खांबावर पेन्सिलीच्या रेघा होत्या. पाच. सर्वांत खालची तिच्या कमरेपाशी, वरची छातीपाशी. दोन रेघांमध्ये चार-चार बोटांचं अंतर. प्रत्येकीपुढे वेगळं वर्ष लिहिलेलं, तारीख मात्र एकच.

वेलींच्या वाढीची नोंद असेल, असं तिला क्षणभर वाटलं.

पण टोमॅटोची वेल आठवड्यात वीतभर वाढते. वर्षाला चार बोटं वाढणारं असं या खोलीत काय होतं?

मोजपट्टी लावायची गरज नव्हती. वरची रेघ आणि आजचे घाव एकाच उंचीवर होते.

ती दारापर्यंत गेली. कडी काढली. दार सताड उघडलं आणि धरून उभी राहिली. बाहेरचा उजेड फरशीवर लांब पसरला.

"ये," ती म्हणाली. कुणाला, ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

वास जवळ आला. उजेडाच्या कडेपर्यंत आला.

थांबला.

मग खोलीच्या पार टोकाकडून, अंधारातून... टिच्.

नवरा-बायको बाहेर उभे होते.

"खांबावरच्या रेघा कुणाच्या?" तिने विचारलं.

"कसल्या रेघा?" नवऱ्याने विचारलं.

बायकोने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

"तिच्या वाढदिवसाच्या," ती म्हणाली. "खुडलेल्या पानांची उंची बघून मीच ओढते. दरवर्षी."

तो तिच्याकडे बघतच राहिला.

मग बायकोनेच सांगितलं, वाण्याची यादी वाचावी तशा सपाट आवाजात. मुलगी चार वर्षांची होती. लपाछपीचं वेड. पान दिसलं की चिमटीत खुडायची, चुरगळायची, वास घ्यायची, "आई, हात हिरवे झाले बघ" म्हणून नाचायची. त्या दिवशी ती वेलींमागे लपली. ह्यांनी एकदा हाक मारली. ओ आली नाही. आईपाशी असेल, असं समजून ह्यांनी दार लावलं आणि वायू सोडला. पंखे चालू होते.

"कडीला हात पुरला नाही तिचा," बायको म्हणाली.

नवऱ्याने डॉक्टरच्या हातातून मोजपट्टी घेतली. आत गेला. खांबाची वरची रेघ मोजली, मग कडी. पुन्हा एकदा मोजली. हिशेब चुकावा म्हणून मोजत असल्यासारखं.

"हे घाव तिच्या डोळ्यांच्या उंचीवर असणार," तो बाहेर येऊन म्हणाला. "म्हणजे हात वर केला की कडी हाताला येते. दोन वर्षांपूर्वीच आली असणार."

"मी दार उघडलं होतं," डॉक्टर म्हणाली. न सांगितलेलं बरं, हे तिला बोलून गेल्यावर कळलं. "ती उजेडापर्यंत आली होती. परत फिरली."

डॉक्टरच्या त्या दिवसाच्या अहवालातला कारणाचा रकाना आजही कोरा आहे. ती दुसऱ्या कुणालाही तो भरू देत नाही. आणि टोमॅटोचं पान हाताळलं की दिवसभर बोटं धूत राहते.

नवरा भिंतीला टेकला.

"उद्या कुणी येणार नाही," तो म्हणाला. "सांगतो त्यांना."

बायकोने मान हलवली.

"पण मग येत का नाही गं ती बाहेर?" त्याचा आवाज फाटला. "दार उघडं होतं. हात पोचतो. मग..."

आतून काहीच ऐकू आलं नाही.

"मी बाहेर उभा होतो म्हणून? दार मी लावलं होतं म्हणून? अगं, बोल ना."

बायकोने कोपऱ्यातली पाण्याची झारी उचलली. त्याच्या अगदी जवळून, त्याच्याकडे न बघता, ती त्या अंधाऱ्या खोलीत चालत गेली.